दार वाजण्याआधीचं

'द हॉबिट'ची सुरुवात आठवतेय? गॅन्डाल्फ नावाचा म्हातारा जादूगार बिल्बोच्या दाराशी येतो. दुसऱ्या दिवशी एकामागून एक तेरा ड्वार्फ घरात घुसतात, खाण्यापिण्याचं सगळं फस्त करतात आणि या घरकोंबड्याला ड्रॅगनच्या मोहिमेवर घेऊन जातात. याच्यात नेमकं काय बघितलं, हे बिल्बोलाही कळत नाही आणि आपल्यालाही.

टोल्किनने ते नंतर लिहिलं होतं. 'द हॉबिट' आलं १९३७ साली. ही गोष्ट त्याने पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या (म्हणजे मराठीतल्या 'स्वामी मुद्रिकांचा'च्या) परिशिष्टासाठी लिहिली. १९५५ मध्ये शेवटचा खंड निघाला, त्यात तिचा थोडासा अंश उरला, बाकीची बाहेर राहिली. टोल्किन १९७३ मध्ये गेला. त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, १९८० मध्ये 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये ती छापली. नाव 'द क्वेस्ट ऑफ एरेबोर'.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मला त्याची जुनी प्रत मिळाली. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोत, एका हाताने दांडा धरून वाचली. युद्ध संपलंय, राज्याभिषेक झालाय, मंडळी निवांत बसलीत आणि गॅन्डाल्फ जुनी हकिकत सांगतोय. ती आतल्या खोलीतली आहे. ड्वार्फांचा पुढारी थोरिन बिल्बोला न्यायला अजिबात तयार नव्हता. त्याला तो निव्वळ बावळट वाटला. आणि खुद्द गॅन्डाल्फलाही धक्काच बसला होता, कारण त्याच्या आठवणीतला हजार प्रश्न विचारणारा पोरगा आता सुखवस्तू आणि जाडा झाला होता. तरी तो थोरिनशी भांडला. याला नेलंत तर जमेल, नाही तर नाही, इथवर. बिल्बोला यातलं काहीच माहीत नव्हतं.

वाचून मजा वाटली, इतकंच. मग जूनमध्ये बाबांचं वर्षश्राद्ध झालं.

पंगत उठल्यावर मामा सुपारी कातरत बसला होता. सहज म्हणाला, "तुझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी काय रामायण झालं होतं गं या घरात!"

माझ्याकडे त्या दिवसाची एक आवृत्ती होती. २०११. बारावीचा निकाल लागलेला, भटवाडीतली आमची दहा बाय बारा, बाबा चहा बशीत ओतताहेत. मी चित्रांची फाइल पुढे ठेवली, त्यांनी दोन-चार पानं उलटली आणि म्हणाले, "कर तुला हवं ते." त्या एका वाक्यावर मी आजवर तगले. अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाले तेव्हा, पहिला स्टुडिओ पगार न देता बंद पडला तेव्हाही. निदान बाबांना तरी माझी चित्रं बघून पटलं होतं.

मामाच्या मते बाबा त्याआधी पंधरा दिवस धुमसत होते. "ती टिकायची नाही. वर्षभरात परत येईल आणि पैसे जातील," असं मामाच्या घरी जाऊन सांगून आले होते. आई मागे हटली नाही. आणि तिलाही काही खात्री नव्हती म्हणे. "दादा, मलाही भरवसा नाही तिचा. पण नाही पाठवली तर जन्मभर तोंड पाडून बसेल," असं तिने मामाला सांगितलं होतं. तिच्या पाटल्या तेव्हा गेल्या. मला 'कडी सैल झाली, सोनाराकडे टाकल्यात' असं सांगितलं होतं. मी नंतर विचारलंही नाही. चित्रं बघून बाबांचं मन पालटलं वगैरे काही नव्हतंच. सगळं आदल्या रात्रीच ठरलेलं.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. अंधेरीला उतरायचं विसरून त्या आठवड्यात एकदा थेट वर्सोव्याला पोचले.

मग ती गोष्ट पुन्हा वाचली. या खेपेला बिल्बोकडे नाही, थोरिनकडे बघत वाचली. भरवसा नसताना तो त्याला घेऊन गेला. वाटेत कुरकुरला असेल, पण नेलं. बाबाही फी भरायला स्वतः आले होते, हाफ डे टाकून, शर्टाच्या आतल्या खिशात नोटा ठेवून. आणि हेही खरं, की सतराव्या वर्षी मला हे कळलं असतं तर नापास झाल्यावर मी दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. 'द हॉबिट'मध्येही ही गोष्ट मला नकोच वाटते. बिल्बोला आधीच सांगितलं असतं, तर त्याने दाराला आतून कडी घातली असती.

गणपतीआधी कपाट आवरताना बाबांच्या कागदांत बी.कॉम.चा एक फॉर्म सापडला. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात माझं नाव, पत्ता, टक्केवारी. कोपऱ्यात माझा शाळेतला फोटो चिकटवलेला. सगळं भरलेलं, फक्त माझ्या सहीची जागा कोरी.

आई म्हणाली, "रद्दीत टाकू?"

मी म्हटलं, "राहू दे."

तिने तो पुन्हा त्याच पिशवीत ठेवला आणि पाटाखालचा डबा काढायला स्टूल मागितलं.