गाव कुठलं?

जून उजाडला की पुण्यात सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या विजेच्या खांबांना पालवी फुटते. ही पालवी कागदाची. ‘कॉट बेसिसवर जागा. फक्त मुली. लाइट बिल वेगळं.’ खाली कात्रीने कापलेल्या उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर तोच मोबाइल नंबर. चार पट्ट्या आधीच कुणीतरी तोडून नेलेल्या. उदगीरहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून आलेला एक बाप पाचवी पट्टी तोडतो, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतो. नंबर मोबाइलमध्ये घालावा हे लेकीने सांगूनही त्याला पटत नाही. कागद हातात असला की बरं वाटतं.

पहिली जागा दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीणबाई दारातच उभ्या. गाव कुठलं? आडनाव काय? वडील काय करतात? क्लास कुठला लावलाय? रात्री यायला किती वाजतील? नॉनव्हेज चालत नाही हं आमच्याकडे. भाऊ, मित्र कुणीही आलं तरी खाली रस्त्यावर भेटायचं, वर नाही.

बाप एकेका प्रश्नाला परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतो. त्याची पाळी आल्यावर तो एवढंच विचारतो, “भाडं किती म्हनलात?” तेही बाईंनी आधी सांगून झालेलं असतं.

नव्या शहरात खोली शोधताना नेमकी इथेच गफलत होते. चौकशी एकाच बाजूने चालते. ज्याच्याकडे जागा आहे तो विचारतो, ज्याला हवी आहे तो सांगतो. जागा देणारा कोण, खोलीची किल्ली आणखी कुणाकुणाकडे आहे, आधीची मुलगी का गेली, हे विचारणं अगोचरपणाचं वाटतं. पाव्हण्याने यजमानाला विचारू नये, तसं. पण भाडेकरू पाहुणा नसतो. तो पैसे मोजतो.

‘गाव कुठलं?’ हा प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच नव्हता. मुंबईच्या गिरणगावात या प्रश्नाच्या उत्तरावर दार उघडायचं. कोकणातून बोटीने किंवा घाटावरून रेल्वेने आलेला पोऱ्या लालबाग-परळच्या चाळीत आपल्या गावकीची खोली विचारत जायचा. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष राहत. ते शक्य व्हायचं पाळ्यांमुळे: एक पाळी गिरणीत, एक झोपलेली, एक खानावळीत. भिंतीला लागून ट्रंकांची चळत, दोरीवर कपडे. सोय कसली, अडचणच ती. तरी त्या खोलीत शिरणाऱ्याला एक गोष्ट न विचारता मिळे: आतल्या प्रत्येकाची इत्थंभूत माहिती. कुणाचा बाप कोण, कुणाचं कर्ज किती, कुणाच्या हातापासून पाकीट जपायचं. चौकशी दोन्ही बाजूंनी गावातच होऊन गेलेली असे. खानावळवाल्या बाईलाही महिन्याचे पैसे कोण बुडवील आणि कोण पगाराच्या दिवशी आणून देईल याचा अंदाज असे. याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

आणि याच प्रश्नाच्या उत्तरावर दार बंदही होत आलं आहे. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना त्या शहरात खोली मिळेना. हिंदू हॉटेलात प्रवेश नाही, हे ठाऊकच होतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते वहीत पारशी नाव नोंदवून राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारच्या दालनात अडगळ, रात्री अंधार. अकराव्या दिवशी सकाळी ते ऑफिसला निघालेले असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, तू कोण? संध्याकाळपर्यंत जागा सोडायची ताकीद मिळाली. दोन ओळखीच्या माणसांकडे आसरा मागून झाला. दोघांनीही गोड शब्दांत टाळलं. बागेत बसून वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. हे सगळं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. परदेशी विद्यापीठांत शिकलेला, संस्थानचा अधिकारी असलेला माणूस. आणि प्रश्न दोन शब्दांचा. आज काठ्या येत नाहीत. ‘अहो, कालच गेली बघा जागा’ असं हसून सांगितलं जातं, आणि खांबावरचा कागद पुढचे पंधरा दिवस तिथेच असतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांना हे पक्कं कळलेलं होतं. खेड्यातला मुलगा शाळेत नाव घालू शकेल, पण रात्री पाठ कुठे टेकणार? 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्यापाठोपाठ एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या याच अडचणीवर. वसतिगृहात नंबर लागला तर या लेखातलं बाकीचं काही वाचायचं कारण नाही. बहुतेकांचा लागत नाही.

घरमालकांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं, कारण त्यांचा संशय आकाशातून पडलेला नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला हलवणं जवळपास अशक्य करून टाकलं. म्हणून मालक ‘भाडं’ हा शब्द टाळून ‘लायसन्स’वर जागा देऊ लागले, तर पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 ला जे असे राहत होते तेही भाडेकरू ठरले. रात्रीत. त्या धसक्याने कित्येकांनी रिकाम्या जागांना कुलपं लावली. आजोबांनी घेतलेला तो धसका नातवाने वारसाहक्काने जपला आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याचं कारण बरंच निकालात काढलं: मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागता येते. पण धसका कायदा वाचून जात नसतो.

सरकारही मालकाच्याच बाजूने विचारणा करतं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांचे आदेश निघतात, मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी म्हणून. न कळवल्यास गुन्हा. फोटो, मूळ पत्ता, ओळखीच्या दोन माणसांची नावं. मालकाची माहिती भाडेकरूला कळवावी, असा आदेश कुणी काढल्याचं दिसत नाही. तो ज्याचा त्याने काढायचा.

म्हणजे काय विचारायचं? पहिलं, ही जागा तुमची आहे का? तोंडाने नाही विचारलं तरी चालतं. चालू महिन्याचं लाइट बिल, महापालिकेची घरपट्टीची पावती, सोसायटी असेल तर मेंटेनन्सची पावती, आणि सगळ्यांत भक्कम म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू. या कागदांवरचं नाव आणि समोरच्याचं आधार जुळलं पाहिजे. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार आहे: काही लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं शून्य किंवा नावापुरतं, सोडताना रक्कम परत. मूळ मालकाशी हा व्यवहार रीतसर होऊ शकतो. घात होतो तो मधला माणूस मालक म्हणून वावरतो तेव्हा. तो मालकाकडून जागा साध्या भाड्याने घेतो, इकडे दुसऱ्याकडून लाखांनी डिपॉझिट उचलतो, काही महिने मालकाला इमानेइतबारे भाडं पोचवतो आणि एक दिवस त्याचा फोन लागत नाही. मग मालक दार वाजवतो, आणि दारात उभे असलेले दोघंही एकमेकांना ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारतात.

मोबाइलवर तर दार वाजवायचीही गरज नाही. कोथरूडचा टू बीएचके, फर्निचरसकट, भाडं बाजाराच्या निम्मं. फोटो झकास. मालक म्हणतो, मी लष्करात आहे, बदली झाली आहे, जागा दाखवायला गेटपासचे पैसे भरा, लगेच परत मिळतील. किंवा टोकन पाठवा, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही धाडतो. गणवेशाला माणसं मान देतात, त्याचाच हा बाजार. मग ‘परतावा’ म्हणून क्यूआर कोड येतो आणि पिन टाकायला सांगितलं जातं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हे दहावीच्या पुस्तकात छापायला हरकत नाही. गेलेच पैसे तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. जितका उशीर, तितके ते पुढच्या खात्यांत पांगतात. जागा पाहिल्याशिवाय रुपया द्यायचा नाही. घाई करणाऱ्याला तर पाहूनसुद्धा नाही.

उदगीरचे बापलेक त्या दिवशी दुसऱ्या जागेवर गेले. बंगल्याच्या मागची खोली, स्वच्छ, भाडं बेताचं, मालकीणबाई गोड. खोलीत एक मुलगी बॅग भरत होती. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि लेकीने पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधायला हात लावला. “का सोडतेस गं?” दुसऱ्या कुठल्याही कागदावर न मिळणारं उत्तर अशा वेळी मिळतं. मुलगी दोरीची गाठ मारता मारता म्हणाली, काकू चांगल्या आहेत. पाणी भरपूर. पण दुसरी किल्ली त्यांच्या मुलाकडे असते, आणि तो टाकीचा कॉक बघायला म्हणून येतो. न सांगता. एकदा मी अंघोळीला होते. ती पुढे काही बोलली नाही. बाईंचा चहा आला, तिघांनी प्यायला, बापाने घरी विचारून कळवतो म्हणून सांगितलं.

पायऱ्या उतरताना लेकीने दाराकडे वळून पाहिलं. कडी बाहेरूनच होती. आतून नुसतं लॅच, किल्लीने बाहेरून उघडणारं.

त्यानंतर त्यांचं जागा बघणंच बदललं. तिसरी जागा त्यांनी दुपारी पाहिली आणि रात्री नऊला पुन्हा जाऊन पाहिली. दुपारी मोकळा, हवेशीर वाटलेला बोळ रात्री कसा दिसतो, जिन्यातला दिवा लागतो का, कोपऱ्यावरचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं. अभ्यासिकेतून चालत किती मिनिटं लागतात, तेही लेकीने घड्याळ लावून मोजलं. अकरा मिनिटं, त्यातली तीन अंधारातली. आतून कडी होती. कुलूप स्वतःचं लावलं तर चालेल का, असं बापाने विचारलं तेव्हा त्याचा आवाज थोडा चढला होता, घाबरल्यावर चढतो तसा. घरमालकीण आजी सत्तरीच्या. म्हणाल्या, “लावा की. जुनं कुलूप मला काढून द्या मात्र, ते माडीला होईल.”

मग करार. इथे आजींनी सगळे म्हणतात तेच म्हटलं: अकरा महिन्यांचं असतं, नोटरी करून घेऊ, पुरे. अकरा महिन्यांचा हा आकडा 1908 च्या नोंदणी कायद्यातून आलेला आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर माणसं एक महिना कापतात. महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बुजली आहे. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ज्या मालकाला भाडेकरूची एवढी भीती, त्याच्या संरक्षणाची कवडी नोटरीच्या शिक्क्याखाली नसते. कॉट बेसिसवाले ही नोंदणी करतच नाहीत. महिन्याला खाट आणि तोंडी शब्द, एवढाच तिथला करार.

खर्चही असा काही नाही. दरमहा बारा हजार भाडं आणि तीस हजार डिपॉझिट धरलं, तर अकरा महिन्यांवर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क साडेतीनशेच्या आत बसतं, महापालिका हद्दीत नोंदणीचे एक हजार. वर एजंटचे जे असतील ते. खोलीत तिघी मुली असल्याने ते वाटून गेलं. डिपॉझिट ऑनलाइन भरलं, आकडा करारात आला, भिंतीवरचा ओलीचा डाग आणि पंख्याचा आवाज यांचे मोबाइलमध्ये फोटो-व्हिडिओ घेऊन ते आजींनाच पाठवून ठेवले. “मला कशाला पाठवतेस, मला रोज दिसतोय तो डाग,” आजी म्हणाल्या.

लाइट बिल बघायला मागितलं तेव्हा मात्र आजी जरा थांबल्या. आत गेल्या, बराच वेळ कपाटात काहीतरी हलत राहिलं. बिल आणलं त्यावर नाव पुरुषाचं होतं. “हे आमचे. जाऊन नऊ वर्षं झाली. नाव बदलायचं राहिलंय.” मग पुन्हा आत जाऊन घरपट्टीची पावती आणली, ती त्यांच्या नावावर होती. बापाने दोन्ही कागद पाहिले, घडीवर घडी घालून परत दिले. एवढ्या मोठ्या बाईंकडे पुरावा मागितला याची लाज त्याच्या मानेवर दिसत होती.

संध्याकाळी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. मुलींचे अंगठे पटापट उमटले. आजींचा उमटेना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा यंत्र लाल झालं. साठ वर्षं भांडी घासून रेषा झिजलेल्या. साक्षीदार म्हणून बापाचा घ्यायचा होता, तोही उमटेना. त्याचा खुरप्याने आणि युरियाने गेलेला. एजंट म्हणाला, ओल्या कापडाने पुसून कोरडं करा, दाबू नका, नुसतं टेकवा. आजींनी न्हाणीघरातून पंचा भिजवून आणला, आधी स्वतः पुसलं आणि मग बापापुढे धरला.

“यंदा सोयाबीनला भाव काय तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

“पेरायचंय अजून,” बाप म्हणाला, आणि अंगठा यंत्रावर टेकवून हिरव्या दिव्याची वाट बघत बसला.