सळईचा गंज आणि कार्बनचे कापड

मातीच्या घराला डागडुजी ठाऊक होती. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायचे, भिंती लिंपायच्या, वाळवी लागलेला फाटा बदलायचा, हा विदर्भातील प्रत्येक घराचा वार्षिक परिपाठ होता. सेलूपासून जवळच असलेल्या सेवाग्रामात गांधीजी 1936 मध्ये राहावयास आले. तेथील बापूकुटी माती, बांबू आणि लाकडाची. ती आजही उभी आहे ती अशाच निगेमुळे. पुढे सिमेंटचे घर आले आणि त्याबरोबर एक भाबडा समजही आला, की स्लॅब एकदा पडला म्हणजे घराकडे पुन्हा पाहावे लागत नाही.

सेलूच्या बाजारपेठेतील एका गृहस्थांचे वडील याच समजुतीत गेले. खाली दुकान, वर राहते घर, त्यावर गच्ची अशी ती चाळीस वर्षांची वास्तू त्यांनी स्वतः उभे राहून बांधून घेतली होती. मुलांनी तिला दर दिवाळीत रंग दिला. न्हाणीघराशेजारच्या कॉलमवर ओल दिसू लागली तेव्हाही रंगच दिला. मग एका पावसाळ्यात दुकानाच्या छताचा ताटाएवढा पोपडा गल्ल्याशेजारी पडला आणि आतील तांबूस सळया उघड्या पडल्या.

ताज्या काँक्रीटमध्ये तीव्र अल्कधर्मी गुण असतो आणि त्याच्या कुशीत लोखंडाला गंज चढत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो आणि तो गुण हळूहळू नाहीसा करतो. सळईवरील काँक्रीटचा थर बांधतानाच पातळ राहिला असेल, तर हे लवकर घडते. त्यात ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. तो आतून रेटा देतो आणि काँक्रीट फुटते. म्हणजे पोपडा पडतो तेव्हा दुखणे बरेच जुने झालेले असते.

घरात दोन भाऊ. धाकट्यांच्या मुलाचे लग्न ठरत आले होते आणि गच्चीवर एक मजला चढवावा, सर्वांनी एकाच छपराखाली राहावे, ही वृद्ध आईची इच्छा होती. एका ठेकेदाराने दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले. कॉलमना कार्बन फायबर गुंडाळा आणि खुशाल मजला चढवा! उत्तर सर्वांना आवडले. आवडणारे उत्तर तपासून घ्यावे, एवढे शहाणपण थोरल्या भावांपाशी होते. त्यांनी नागपूरहून एका संरचना अभियंत्याला बोलावले.

कार्बन फायबरचे सामर्थ्य खरेच चकित करणारे आहे. त्याचे कापड कागदासारखे पातळ, वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी, आणि त्यातील तंतूंची ताण सोसण्याची क्षमता बांधकामातील सळईच्या सात-आठ पट. शिवाय त्याला गंज नाही. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नजवळच्या ईबाख पुलावर वाहतूक सिग्नलसाठी भोक पाडताना आतील ताणलेल्या तारा तुटल्या. 1991 मध्ये त्या पुलाला कार्बनच्या पट्ट्या चिकटवण्यात आल्या. जेथे 175 किलो पोलाद लागले असते, तेथे 6.2 किलो कार्बन पुरला.

बीमच्या पोटाला चिकटवलेले हे कापड जादा सळईचे काम करते. कॉलमभोवतीचे वेष्टन मात्र बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धावेसारखे असते. फरक इतकाच, की धाव तापवून बसवलेली असल्याने निवताच चाकाला आवळते. कार्बन मात्र कॉलम भाराखाली फुगू पाहील तेव्हाच कामाला लागतो. कॉलमचे कोपरे घासून गोल करावे लागतात, नाहीतर धारेवर तंतू तुटतात.

अभियंत्याने हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकला, काही ठिकाणी काँक्रीटचे नमुने काढले, सळया मोजल्या. गच्चीवर उभे राहून त्याने मेमधील उन्हाची चौकशी केली तेव्हा सारे हसले. परंतु साध्या इपॉक्सीची पकड 60 ते 80 अंशांच्या दरम्यान सैल होऊ लागते, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा उघडा स्लॅब त्याहून पुष्कळ अधिक तापतो. आगीत तर ही पकड टिकतच नाही. म्हणून कार्बन निघून गेला तरी नेहमीच्या वापराचा भार मूळ इमारतीने स्वतःच पेलला पाहिजे, हा या शास्त्राचा पहिला दंडक.

“भाऊ, मजला चढवता येणार नाही,” तो म्हणाला. “पायाखाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हात आक्रसते. वर कितीही कापड गुंडाळले तरी पाया तोच राहणार.”

काम झाले ते असे. आधी गच्चीची आणि न्हाणीघराची गळती बंद करण्यात आली. सैल काँक्रीट काढून, सळया घासून, गंजरोधक लेप देऊन नवे काँक्रीट भरले. ओलीशेजारच्या दोन कॉलमांच्या सळया फारच झिजल्या होत्या. त्यांना कार्बन न लावता नव्या सळयांचे काँक्रीट जॅकेट दिले. कार्बन लागला तो दुकानावरील तीन बीमना आणि एका कॉलमला. वरून गिलावा झाल्यावर तो कोठे आहे हे दिसतही नाही. याच दुकानदारीत, खुणेविना झाकलेले काम फसवणुकीला किती सोयीचे, हेही लक्षात घेतले पाहिजे. थोरल्यांनी प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवली ती उगाच नाही.

धाकट्यांनी वर्धा मार्गावरील प्लॉटवर घर बांधावयास घेतले. आई काही दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. चुली वेगळ्या झाल्या याचे दुःख त्यांना कोणत्याही अहवालाने समजावता आले नाही, आणि तसा प्रयत्न मुलांनी केलाही नाही.

दुकानातील त्या कॉलमवर वडिलांची तसबीर असे. तेथे आता खिळा ठोकता येत नाही; तंतू तुटतात. तसबीर गल्ल्याशेजारच्या लाकडी कपाटावर टेकवून ठेवली आहे.