जोडीने मिळणारी पोळी

परदेशी गेलेला मराठी माणूस प्रथम चहा शोधतो आणि त्यानंतर पोळी. आम्ही उभयता सिंदी मेघेचे, म्हणजे वर्धा शहराला इतके चिकटून राहणारे की गावाची वेस कुठे संपते हे परक्याला सांगूनही कळू नये. आमच्या सामानात जवसाची चटणी, तिखटाची पुडी आणि गोरसपाकाचा डबा असतोच. मॉरिशसला मुलाच्या कुटुंबासोबत सुट्टी घालवायची ठरली, तेव्हाही तो होता. मुलगा मॉन्ट्रियलला स्थायिक आहे. नऊ वर्षांच्या नातीला मराठी समजते. उत्तर मात्र ती फ्रेंचमधून देते. त्यावर आम्ही काही बोलत नाही, आणि सूनही काही बोलत नाही.

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारालगतच्या एका बोळात ते दुकान सापडले. त्याला उपाहारगृह म्हणणे धाडसाचे. एक काउंटर, दोन बाकडी आणि दारापर्यंत आलेली रांग. फलकावर रोमन लिपीत जे लिहिले होते ते आम्ही 'ढोल पुरी' असे वाचले आणि वाद्याचा व पुरीचा संबंध लावीत उभे राहिलो. तो 'ढोल' म्हणजे आपली डाळ. शिजवून भरड केलेली डाळ, तीत जिरे आणि हळद, वरून मैद्याची पारी. पातळ लाटून तव्यावर भाजलेली. आमची पुरणपोळीच की! फक्त गूळ कुणीतरी काढून घेतलेला. ही पोळी एकटी विकत नाहीत, जोडीनेच देतात. आत मोठ्या पांढऱ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय' आणि हिरवी चटणी घालून कागदात गुंडाळून हातात ठेवतात. विक्रेत्याने विचारले, "पिमाँ?" म्हणजे मिरची हवी का. वैदर्भीयाला हा प्रश्न विचारावा लागतो, याचीच आम्हांला गंमत वाटली.

हे खाणे आले ते बिहारी मजुरांबरोबर. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर या बेटावर आले. ऊस तोडण्यासाठी करारावर आलेल्यांची संख्या पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या घरात गेली. ते ज्या धक्क्यावर उतरत, तो आप्रवासी घाट या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. हरभऱ्याच्या डाळीच्या जागी इथे वाटाण्याची पिवळी डाळ आली, कोथिंबिरीला तमिळांमुळे 'कोतोमिली' हे नाव मिळाले, आणि फालुद्याचा 'आलुदा' झाला. (१९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजीही या बेटावर थांबले होते, सेवाग्रामच्या शेजाऱ्यांना हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) मुंबई बंदरातून कोकणची माणसेही आली होती. त्यांच्यातल्या पुष्कळांची आडनावे दप्तरात हरवली. पूर्वजाचे पहिले नाव तेच पुढे घराण्याचे नाव झाले. गणपती मात्र टिकले. गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

हे सारे पुस्तकी ज्ञान आमच्यापाशी होते. शेजारच्या बाकड्यावरील वृद्ध बाईंनी आमच्या बोलण्याकडे कान देऊन एकाएकी "तुम्ही मराठी?" असे विचारले, तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही. "आम्ही मराठी," असे त्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. मग एकेक शब्द येऊ लागला: आजी, होळी, पुरणपोळी, गणपती. तिथे त्यांचा साठा संपला आणि आमचेही बोलणे अडले. त्यांची क्रिओल आम्हांला कळेना, आमचे मराठी त्यांना.

नातीने हातातली पोळी कागदावर ठेवली आणि मध्ये शिरली. बाईंना फ्रेंच उत्तम येत होते. पूर्वज रत्नागिरीकडचे, गावाचे नाव ठाऊक नाही; आजी होळीला पुरण वाटायची; गणपतीची आरती सबंध पाठ आहे, अर्थ कधी कुणी सांगितला नाही. हे सर्व आमच्यापर्यंत पोचले ते एका मुलीच्या तोंडून, मोडक्या मराठीत. वाक्ये क्रियापदावाचून येत होती. आम्ही दुरुस्त केली नाहीत.

बाईंनी मग आरतीतला एक शब्द उच्चारला आणि त्याचा अर्थ विचारला. आमची नात थबकली. तिलाही तो ठाऊक नव्हता. तिने आमच्याकडे वळून विचारले, "आजी, याचा अर्थ काय?"

मराठीत विचारले. आजीने सांगायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. नातीने तो अर्थ पलीकडे पोचवला; बाईंनी तो शब्द दोनदा पुटपुटला, आणि उठून काउंटरवरून आणखी एक जोडी आणली. ती आमच्यापुढे ठेवीत त्या विक्रेत्याकडे पाहून काही बोलल्या. नातीने भाषांतर केले: पाहुण्यांना मिरची कमी घातलीस.