हिस्सा

अब्बा होते तोवर बकरीदच्या दिवशी आम्हां दोघा भावांचं काम एवढंच असायचं : त्यांनी बांधून दिलेल्या पिशव्या घ्यायच्या आणि नया नगरपासून भाईंदरपर्यंत घरोघरी पोचवायच्या. बाकी सगळं ते बघत. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

२०२४ ची ईद त्यांच्या पश्चातली पहिली. १७ जूनचा दिवस, अंगाला कपडे चिकटावेत असा उकाडा. परवानगीच्या जागी कुर्बानी झाली. कसाई घाईत होता, त्याला पुढच्या घरची बोलावणी येत होती. ज्या सुरीनं कातडं सोललं, त्याच सुरीनं त्यानं तुकडे केले. आम्ही ते गरम गोश्त प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च भरलं आणि घरी आणलं. मग पाहुणे, कलेजी, गप्पा. तीन हिस्से करेपर्यंत दुपार टळली. आमचा हिस्सा आधी फ्रीजमध्ये गेला, नातेवाइकांचा त्यानंतर वाटला. गरिबांचा हिस्सा तसाच पिशवीत राहिला. तो संध्याकाळी पोचवला आणि फर्ज पार पडल्याच्या समाधानानं आम्ही झोपलो.

खाडीकडच्या वस्तीत एक खाला राहतात. शिवणकाम करून त्यांनी दोन मुलींची लग्नं केली. अब्बांच्या काळापासून त्यांचा हिस्सा ठरलेला. २०२५ च्या ईदच्या आधी त्या अम्मीला भेटायला आल्या. निघताना दारात थांबून आम्हांला म्हणाल्या, ''बेटा, औंदा माझा हिस्सा जरा लवकर दे हां. दिवस गर्मीचे हायेत.''

बस्स, एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही. पण त्या गेल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे बघू शकलो नाही. गेल्या वर्षी त्यांच्या घरी काय पोचलं होतं, ते आम्हांला त्या क्षणी कळलं. वर्षातून एकदा ज्यांच्या घरी बकऱ्याचं गोश्त शिजतं, त्यांना ते फेकावं लागलं होतं.

अम्मी म्हणाली, ''तुमचे अब्बा हे सगळं तुमच्या आजोबांकडून शिकले.'' आजोबा कोकणातले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधी ते परवाना घेऊन शिकारीला जात. कायदा आला आणि त्यांची बंदूक भिंतीवरच राहिली. आज आमच्या शहराला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली चितळं नुसती बघायची, आणि ते योग्यच आहे. पण आजोबांचं एक वाक्य अब्बा नेहमी सांगत, असं अम्मी म्हणाली : ''गोळी मारायला एक क्षण लागतो, गोश्त घरी पोचवायला अक्कल लागते.'' हरण पडलं की आजोबा आधी त्याचं पोट रिकामं करत, मग ते सावलीत, वाऱ्यावर फांदीला टांगत. तापलेल्या जीपवर टाकून मिरवत आणणाऱ्यांना ते शिकारी मानतच नसत.

हरणाचं जे, तेच बकऱ्याचं. जीव गेला तरी अंगातली ऊब लगेच जात नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू भराभर वाढतात. बंद पिशवीत गरम गोश्त कोंबणं म्हणजे त्यांना आयतं घर बांधून देणं. फ्रीजही जादूगार नाही. त्यात एकदम दहा-बारा किलो गरम गोश्त भरलं तर बाहेरून गार लागतं आणि मधोमध ऊब तशीच राहते.

त्या वर्षी ७ जूनला आम्ही अम्मीच्या देखरेखीखाली नव्यानं शिकलो. आदल्या रात्रीपासून बकऱ्याला चारा दिला नाही, पाणी मात्र भरपूर दिलं. पोट हलकं असलं की आतडी साफ निघतात. कसायाशी आधीच बोललो : कातड्याची सुरी वेगळी, गोश्ताची वेगळी. सोलताना केस गोश्ताला लागू द्यायचे नाहीत. आतडी फुटू द्यायची नाहीत आणि कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी अलगद काढायची. ती फुटली तर सगळं कडू. त्याची मजुरी रोख दिली, कारण गोश्त किंवा कातडं मजुरीत देता येत नाही. कातड्याला आता पूर्वीचा भाव राहिलेला नाही, तरी लगेच मीठ चोळून ते मदरशात पोचवलं. घाण बंद पिशवीतून पालिकेच्या गाडीत गेली, गटारात नाही.

गोश्त पसरट थाळ्यांत, पंख्याखाली, जाळीनं झाकून ठेवलं. धुतलं नाही. ओलं गोश्त लवकर बिघडतं, शिजवायच्या वेळीच धुवावं. वाफ गेल्यावर लगेच हिस्से केले. आमचा हिस्सा छोट्या, चपट्या पुड्या करून थोडा थोडा फ्रीजमध्ये ठेवला. कलेजी त्याच दिवशी शिजवली. बाकीचं दुसऱ्या दिवशी, कारण कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तेव्हा शिजवलेलं गोश्त चिवट लागतं. रात्रभर गार राहिलं की ते नरम पडतं.

२०२३ च्या बकरीदच्या तोंडावर मीरा रोडच्या एका गृहसंकुलात बकरे आणण्यावरून मोठा तणाव झाला होता, पोलीस आले होते. तेव्हा आमच्या घरात, मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर महिनाभर एकच चर्चा : आपला हक्क काय, कायदा काय सांगतो. ती चर्चा हवीच. पण हक्कानं केलेल्या कुर्बानीतला गरिबाचा हिस्सा त्याच्या ताटात नीट पोचतो का, हे त्या महिनाभरात आम्ही एकमेकांना एकदाही विचारलं नाही. तो प्रश्न आम्हांला दुसऱ्या कुणी विचारायचा नव्हता. तो आमचा आम्हीच विचारायचा होता.

त्या दिवशी पहिली पिशवी खालांची निघाली. सकाळचे अकरा वाजायचे होते. त्यांनी पिशवी उघडली, गोश्ताला बोट लावून पाहिलं आणि चुलीवर पातेलं चढवलं. म्हणाल्या, ''तुझे अब्बा याच वेळेला यायचे.''

आम्ही गाडी चालू केली. अजून बरीच घरं बाकी होती.