क्रियापद कुठं पडतं

90च्या बीटवर रॅपचे 16 बार म्हणजे जेमतेम 43 सेकंद. पूर्वी तेवढ्याला तीन श्वास पुरायचे. आता चाळिशी लागली, छाती दर दोन बारला मागणी करते, आणि तो श्वास चोरून घेता येत नाही, कारण माईक चुगलखोर असतो. परवा जुनी-नवी रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली तर माझा श्वास दरवेळी एकाच जागी पडलेला. ‘आलं’, श्वास. ‘गेलं’, श्वास. ‘मेलं’, श्वास. दम होता तेव्हाही माझं वाक्य तिथंच थांबत होतं. तेव्हा ते थांबणं ऐकू येत नव्हतं, एवढंच.

मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद, म्हणून यमक फुकट. सगळं भूतकाळात ढकललं की अख्खी वही जुळते. आमच्या मराठवाड्यात तर ‘करायलो’, ‘जायलो’, ‘मरायलो’ आहेच. पब्लिक पहिल्या ओळीतच दुसरीचा शेवट ओळखतं आणि आपल्या आधी म्हणून मोकळं होतं. लोक माझ्यासोबत गातात, याचा मला वर्षानुवर्षं अभिमान होता.

माझ्याकडं गल्लीतली एक पोरगी येते. कॉलेजात आहे, मला दादा म्हणते, पण ऐकत नाही. नळाच्या पाण्यावर मी तिला माझ्या दोन ओळी दिल्या होत्या:

पंधरा दिसांनं नळाला पाणी आलं,
गल्लीतलं भांडण त्याच्यासंगं आलं.

तिनं त्या घरी नेल्या आणि अशा आणल्या:

पंधरा दिसांनं आलं, ते बी रातच्या दोनला,
पाणी. माय उठली. बाप मिलमधी, त्याच्या फोनला
रेंज नाही.

जालन्यात सळईच्या मिल, नाइट शिफ्ट आणि नळाची वाट हे सगळ्यांच्याच घरात आहे. विषय नवा नाही. पण ‘आलं’ तिनं मधेच टाकून दिलं, यमक बसवलं ‘दोनला-फोनला’वर, आणि वाक्य बारची भिंत ओलांडून पुढच्या घरात शिरलं. ऐकणाऱ्याला ‘फोनला’पाशी थांबताच येत नाही. मी तसं म्हणून पाहिलं. ‘फोनला’नंतर माझी छाती आपोआप थांबते आणि ‘रेंज नाही’ उशिरा पडतं, तबल्याला वेळेवर न सापडलेल्या गायकासारखं. अजूनही तसंच पडतं.

हे थांबणं कुठून आलं ते मला माहीत आहे. मी जालन्यातल्या मस्तगडचा. 1725 सालची काबिलखानाची गढी, बाबासाहेबांचा पुतळा, आणि एप्रिल लागला की गायन पार्ट्या. माझा कान वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर आणि रात्रभर चालणाऱ्या कव्वालीच्या सामन्यांवर पोसला. तिथं ओळ बंद व्हावीच लागते, कारण मागं कोरस उभा असतो. शाहिराच्या मागं झीलकरी असतात; ते ‘जी जी’ धरतात तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढचं आठवतो, समोरच्या रांगेत कोण बसलंय तेही बघून घेतो. आमच्या 16 बारच्या मागं कुणी नसतं. केरव्याच्या आठ मात्रा आणि हिप हॉपचे चार ठोके एकमेकांत सहज बसतात, म्हणून मला वाटलं बाकीचंही बसेल. मी झीलकऱ्यांची जागा सोडून लिहीत राहिलो, आणि ती जागा रिकामीच राहिली.

1972ला मुंबईत दलित पँथर, 1973च्या ऑगस्टात ब्रॉन्क्समध्ये हिप हॉप जिथून सुरू झालं ती कूल हर्कची पार्टी, आणि पँथरचं नावच मुळी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. हे मी कुणी विचारो न विचारो सांगत आलोय. त्यातून माझी वंशावळ फार भारी दिसते. श्वासाला तिचा काही उपयोग नाही.

एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या रॅपर राज मुंगासेवर त्याच्या रॅपवरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडेवरही. मुंगासेच्या रॅपमध्ये ना नेत्याचं नाव, ना पक्षाचं. पण त्यातली फुटलेल्या आमदारांवरची पन्नास खोक्यांची घोषणा 2022च्या पावसाळ्यात विधानभवनाच्या पायऱ्यांवर झाल्यापासून पोरासोरांच्या तोंडी होती. कोणाबद्दल चाललंय ते कळायला नाव लागलं नाही. त्या आठवड्यात मी माझी वही कर्ता शोधत वाचली. ‘आले’, ‘पळाले’, ‘बसले’ म्हटलं की एक की अनेक, बाई की बुवा, सगळं क्रियापदच सांगून टाकतं. ‘खाल्लं’, ‘विकलं’, ‘पाडलं’ म्हटलं की ते कर्माच्या बाजूला जाऊन उभं राहतं. काय खाल्लं ते कळतं, कुणी खाल्लं ते झाकलेलं राहतं. माझी वही ‘खाल्लं’नं भरलेली निघाली. अशा ओळींना मी बंडखोर म्हणून टाळ्या घेतल्या होत्या, आणि माझ्यावर आजवर साधी तक्रारही नाही. याचं मला थोडं वाईट वाटतं. मुंगासेची बातमी वाचताना काळजीच्या आधी हेवा वाटला, हेही लिहून टाकतो.

हेव्याचंच निघालं म्हणून, अमरावतीचा हंड्रेड आरबीएच वऱ्हाडीत रॅप करतो तेव्हा बोलीची शेपटं शेवटी न ठेवता मधे कुठंही फेकतो. मुंबईच्या ‘स्वदेशी’ टोळीचं 2019चं ‘द वारली रिव्होल्ट’ आरेच्या जंगलासाठी होतं. त्यात मावळीच्या रॅपसोबत आरेतले आदिवासी प्रकाश भोईर आहेत, त्यांचा आवाज कुठल्या बारची परवानगी मागत नाही. त्याच टोळीतला तोडफोड 2022च्या मार्चमध्ये गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. 2019ला ‘गली बॉय’ सिनेमा आल्यावर जे उगवले त्यांच्याबद्दल मात्र मला प्रेम नाही. एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून जोडायची आणि स्टेजवर स्वतःच्याच आवाजाच्या ट्रॅकवर ओठ हलवायचे. त्यांना श्वास लागतच नाही. जयंतीच्या डीजेचंही तेच, बेसच्या भिंतीत शब्द पुरून टाकतात आणि मिरवणूक जोरात झाली म्हणतात. म्हातारा झालो असं पोरं म्हणतात. मग माझ्यासारखं ट्रॅक न लावता म्हणून दाखवा म्हणतो, आणि दुसऱ्या व्हर्सला मलाच धाप लागते.

1 सप्टेंबर 2023ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. पुढं वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण बसलं. दोन्हीकडून मला गाण्याचे निरोप आले. दोन्हीकडच्यांना हुक पाहिजे होता, चार शब्दांचा, हात वर करून म्हणता येईल असा. व्हर्स कुणालाच नको होता. मी दोघांनाही नाही म्हटलं आणि तत्त्वाचं कारण दिलं. तत्त्व होतंही. पण चार शब्दांच्या हुकमध्ये मी किती पटाईत आहे हे मला पुन्हा सिद्ध करायचं नव्हतं, हे कारण जास्त खरं.

पोरीनं त्याच काळात एक व्हर्स लिहिला. एकाच घरात दोन मोर्च्यांचे दोन झेंडे आणि धुणं एकाच दोरीवर. त्यात शेवटचं क्रियापद येतच नाही. सोळावा बार संपतो आणि वाक्य उघडंच राहतं. मी म्हटलं, हे अपुरं आहे. ती म्हणाली, ‘मग तुम्ही पुरं करा ना दादा.’ मी केलं. शेवटी ‘झालं’ लावलं. तिनं ते माझ्यासमोरच खोडलं.

यंदाच्या 14 एप्रिलला पुतळ्याजवळ आम्हा दोघांना पंधरा मिनिटं आहेत. तिला आधी सोडलं तर तिच्यानंतर माझ्या ओळी सपाट वाटणार. मागून सोडलं तर तोवर मिरवणूक पुढं सरकलेली असणार, ऐकायला निम्मेच उरणार. मी तिला मागून सांगितलंय. ती हो म्हणाली, आणि माझ्या मागं कोरसला उभी राहू का म्हणून विचारलं. म्हणजे तुम्हाला श्वास घ्यायला जागा होईल, म्हणाली.

उभी राहा म्हटलं.