चाळीस नंबर आणि नव्वद नंबर

लोहा, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यात ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्या दारात डिझेलची जीप उभी असायची, त्या घरांतल्या पोरांना पाढ्यांच्या बरोबरीनं ऑइलचे दोन आकडे पाठ व्हायचे. चाळीस नंबर इंजिनात, नव्वद नंबर गिअरबॉक्समध्ये आणि आसाच्या हौसिंगमध्ये. आमच्या घरीही तेच. बापूंची महिंद्रा एमएम ५४०, फोर व्हील. लातूरच्या आडतीवर तूर घालायची, मालेगावच्या खंडोबाची जत्रा गाठायची, माहूरचा घाट चढायचा, अडलेल्या बाळंतिणीला रात्री नांदेडला न्यायचं, सगळं तिच्याच जिवावर. इंजिन प्यूजो बनावटीचं. त्याआधी चुलत आजोबांकडे सीजे ५०० डी होती. तिचं इंजिन इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं आणि ते आवाजावरून लपतही नसे.

ऑइलवरून घरात सरळ दोन पक्ष होते. नांदेडचे काका चाळीस नंबरवाले, लातूरचे मामा मल्टिग्रेडवाले. दिवाळीला दोघं समोरासमोर आले की फराळाचं ताट तसंच राहायचं.

“अहो पाहुणे, मे महिन्यात आमच्या नांदेडला पारा बेचाळीसच्या वर जातो. तिथं तुमचं ते पंधरा-डब्ल्यू-चाळीस पाण्यासारखं होईल.”

“काका, तो पंधरा थंडीतला आकडा. तापल्यावर तुमचं न् माझं दोन्ही चाळीसच. पण पहाटे सेल मारला की तुमचं घट्ट ऑइल वर पोचेपर्यंत इंजिन कोरडंच फिरतं. झीज होते ती तेवढ्यातच.”

आई आतून म्हणायची, “आधी चिवडा खा, मग इंजिन उतरवा.”

मामांचं शास्त्र बरोबर होतं. पण काकांचा तो निव्वळ हट्ट होता असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या जीपचं इंजिन झिजलेलं, त्यात घट्ट ऑइल असलं तरच प्रेशरचा काटा वर राहायचा. शिवाय तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधक फार. ते जळून आम्ल तयार होतं आणि ते मारता मारता ऑइलमधली रसायनं संपून जातात. काका ऑइल फार लवकर बदलायचे, मामा त्यांना उधळे म्हणायचे. त्या डिझेलला काकांचीच घाई योग्य होती. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा भाग गंधक असतं, म्हणून आज तेवढी घाई नको.

आम्हा भावंडांना वाटायचं, नव्वद नंबर म्हणजे चाळीसच्या दुपटीनं घट्ट. हे कोडं मामांनीच सोडवलं. दोन्ही मापं वेगळी. गिअर ऑइलचं नव्वद हे घट्टपणात साधारण इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या जवळच बसतं. खरा फरक आतल्या मसाल्यात. हौसिंगमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो, म्हणून दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर जोरात घासत सरकतात. तो दाब साधं ऑइल सोसत नाही. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरस घालतात, तेच डब्यावरचं ‘ईपी’. त्याचा तो उग्र, कुजकट वास! बापूंच्या सदऱ्याला तो आला की आज्जी त्यांना मोरीतून पुढे येऊ द्यायची नाही.

त्याच गंधकाची दुसरी बाजू गावातल्या पुष्कळ मिस्त्रींना माहीत नसायची. जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये हा मसाला जीएल-४ च्या सुमारे दुप्पट. हौसिंगला ते उत्तम, पण गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते खाऊ शकतं. एकाच डब्यातून सगळीकडे ओतायची पद्धत सोयीची खरी, पण मग गिअर खरखरायला लागले की दोष ड्रायव्हरच्या हाताला.

पावसाळ्यात वेगळीच परीक्षा. लेंडी, मन्याड, तेरणा, कुठल्याही नदीवरचा फरशी पूल पाण्याखाली गेला की बापू फोर व्हील टाकून जीप घालायचे. तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर वा सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री वरचा नट खोलून करंगळी आत घालायचा, बोट उन्हात धरायचा. ऑइल मधाच्या रंगाचं आलं तर नट परत बसवायचा. दुधाळ आलं तर तिथंच सगळं खाली. ट्रान्सफर केसचीही तपासणी व्हायची, कारण मधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल हळूच तिकडे जातं. एकीकडे पातळी कमी, दुसरीकडे जास्त, आणि जमिनीवर मात्र थेंब नाही.

निघालेलं काळं ऑइल टाकून द्यायचं नसे. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून ते फासायचे. सर्वो ऑइलच्या रिकाम्या डब्यात तुळस लागायची. ऑइल मातीत जिरवणं काही चांगलं नव्हे, पण तेव्हा ते कुणी सांगतही नव्हतं.

तशी जीप अजून कुणाच्या गोठ्यात उभी असेल तर माझं मत सांगतो. इंजिनात सीआय-४ प्लस दर्जाचं साधं खनिज पंधरा-डब्ल्यू-चाळीस पुरे. महागड्या सिंथेटिकचे पैसे फिल्टरवर आणि वेळेवर बदलण्यावर घाला. हौसिंगमध्ये ऐंशी-डब्ल्यू-नव्वद जीएल-५, गिअरबॉक्समध्ये जीएल-४. गाडी फिरली नाही तरी वर्षाला एकदा इंजिनचं ऑइल बदला. आणि हौसिंगचं ऑइल काढताना आधी वरचा, भरायचा नट सैल करून बघा, मगच खालचा खोला. वरचा गंजून अडकला असेल तर रिकामं हौसिंग भरायला वाटच उरत नाही.