आवडणे आणि मानवणे

मराठीने ‘आवडणे’ आणि ‘मानवणे’ ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत, आणि परदेशातल्या एखाद्या शहरी बिऱ्हाड हलवावे की नाही या प्रश्नाचा निम्मा उलगडा या वेगळेपणातच आहे. आवडते ते मनाला. मानवते ते देहाला, आणि तेही सावकाश, ज्याचे त्याचे मत न विचारता. आंबा आवडतो पण मानवत नाही, असे म्हणणाऱ्याच्या बोलण्यात कोणालाही विसंगती दिसत नाही. औषध मानवते, हवा मानवते, आणि एखाद्या गावचे पाणी मानवत नाही म्हणून बदलीवर गेलेला माणूस पहिले काही आठवडे ते उकळून, गाळून, नाक मुरडून पितो. पूर्वी आजारातून उठलेल्यांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवीत, त्या शब्दामागेही हीच समजूत होती की जागेचा गुण ऐकून कळत नाही, तिथे राहिल्यावरच अंगी लागतो. शहर आवडायला चार दिवस पुरतात. ते मानवेल की नाही हे कळायला बरेच दिवस लागतात, आणि व्यवहारात निर्णय मात्र ते दिवस उलटण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तेव्हा थोड्या दिवसांत नेमके काय पाहावे, याचा विचार एखादे प्रत्यक्ष शहर समोर ठेवून केलेला बरा.

बर्लिन त्यासाठी सोयीचे आहे, कारण लोकांना आवडण्यात हे शहर तरबेज आहे. जूनच्या उत्तरार्धात तिथे पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो, दहा वाजतासुद्धा पश्चिमेला फिकट निळा उजेड रेंगाळत असतो, आणि लोक कालव्याच्या काठावर पाय सोडून बसलेले असतात. टेंपेलहोफचा विमानतळ २००८ साली बंद झाला, २०१० पासून ते मैदान लोकांना मोकळे झाले, आणि आता जुन्या धावपट्टीवर मुले सायकली शिकतात, मोठी माणसे पतंग उडवतात; घरांची चणचण असलेल्या या शहराने २०१४ साली मतदान घेऊन त्या मैदानाच्या कडेलाही घरे बांधायची नाहीत असे ठरवले, हे ऐकून नवखा पाहुणा भारावून जातो. महाराष्ट्रातले आईवडील मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला येतात तेही बहुतेक याच दिवसांत, आणि परत गेल्यावर शेजारीपाजारी सांगतात की गाव छान आहे, झाडी पुष्कळ आहे, हवा स्वच्छ आहे. यातले काहीच खोटे नसते. फक्त ते जूनचे बर्लिन असते.

दुसरे बर्लिन नोव्हेंबरात सुरू होते. पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेअठरा अंशांवर वसले आहे, तर बर्लिन साडेबावन्न अंशांवर. डिसेंबरच्या २१ तारखेच्या आसपास तिथे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो, म्हणजे सगळा दिवस मिळून पावणेआठ तासांचाही भरत नाही, आणि भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर चढतो, त्यामुळे दुपारी बाराला माणसाची सावली त्याच्या उंचीच्या चौपट लांब पडते. अर्थात पडली तर. अनेक आठवडे ढगांचे एकसंध राखाडी झाकण शहरावर ठेवलेले असते आणि सावली ही चीजच दिसत नाही. ज्या भाषेत ऊन ‘लागते’, ‘बाधते’ आणि ‘चटके देते’, जिच्यात आईला सावली म्हणतात आणि वडीलधाऱ्यांना छत्र, त्या भाषेत वाढलेल्या माणसाला ही उलथापालथ बुद्धीने चटकन समजते, पण अंगात मुरायला फार वेळ लागतो. उन्हाची तिरीप आली की हातातले काम टाकून, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून तोंड वर करून बसणारे बर्लिनकर त्याला आरंभी विनोदी वाटतात. दुसऱ्या हिवाळ्यात तोही तसाच बसलेला दिसला, तर काहीतरी मानवू लागले आहे असे समजायला हरकत नाही.

उजेडाचा हा हिशेब घरापर्यंत येतो, आणि तिथे इतिहास मध्ये पडतो. १८६२ साली जेम्स होब्रेख्त या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा नगरविस्ताराचा आराखडा मंजूर झाला. त्यात रुंद रस्ते आणि रस्त्यांमधले प्रशस्त भूखंड आखलेले होते, आणि त्या खोल भूखंडांवर मालकांनी पुढची इमारत, तिच्यामागे चौक, चौकामागे दुसरी इमारत, पुन्हा चौक, अशी एकामागे एक घरे रचली. या रचनेला ‘मीट्सकाझेर्ने’ म्हणजे भाड्याच्या बराकी असे नाव पडले. आतला चौक किमान किती असावा याचा नियम ५.३४ मीटर लांब आणि तितकाच रुंद असा होता, आणि हे माप माणसाच्या उजेडावरून किंवा हवेवरून ठरलेले नव्हते. आग विझवणारी गाडी आत वळवता यावी एवढीच त्यामागची काळजी होती. मुंबईच्या चाळीतही दाटी होती, पण चाळीची गॅलरी बाहेर उघडत असे आणि माणसे त्या गॅलरीत आयुष्य काढीत. बर्लिनच्या चौकात खिडक्या समोरासमोर असतात, भांड्यांचा आवाज ऐकू येतो, दिवे लागलेले दिसतात, पण माणूस क्वचितच दिसतो. पुढे यातल्या कित्येक चौकांमधल्या इमारती युद्धात पडल्या, काही मुद्दाम पाडल्या, उरलेल्या नीट दुरुस्त झाल्या, आणि आज त्याच घरांसाठी रांगा लागतात. मागच्या इमारतीला ‘हिंटरहाउस’ म्हणतात आणि जाहिरातीत तिचे वर्णन ‘शांत’ असे केलेले असते. शांत म्हणजे तिथे रस्ता येत नाही. पण खालच्या मजल्यांवर सूर्यही येत नाही. म्हणून घर पाहायला गेलेल्याने फरशी, रंग आणि छताची उंची पाहून झाल्यावर खिडकीशी उभे राहून मान वर करावी आणि किती आभाळ दिसते ते मोजावे.

घराच्या बाबतीत शब्दांचेही पाणी चाखून पाहावे लागते. दोन खोल्यांचे घर म्हणजे एक निजण्याची आणि एक बसण्याची खोली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजणीत धरत नाहीत, म्हणजे पुण्यामुंबईच्या भाषेत तो वन बीएचके झाला. स्वयंपाकघर मोजत नाहीत ते एका अर्थी रास्तच आहे, कारण कधीकधी त्यात ओटा नसतो, शेगडी नसते, बेसिनही नसते, भिंतीतून आलेले नळाचे तोंड तेवढे असते, आणि आधीचा भाडेकरू आपला सगळा ओटा उचकटून घेऊन गेलेला असतो. भाडे दोन प्रकारचे असते: ‘काल्टमीटे’ म्हणजे थंड भाडे, नुसत्या जागेचे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे ऊबदार भाडे, ज्यात घर तापवण्याचा आणि इमारतीच्या देखभालीचा खर्च मिळवलेला असतो. उबेचा हिशेब भाड्यातच निराळा मांडणाऱ्या समाजाविषयी या दोन शब्दांतून जे कळते, ते प्रवासी मार्गदर्शिकेच्या शंभर पानांतून कळत नाही.

आता खरोखरीचे पाणी. बर्लिन आपले पिण्याचे पाणी मुख्यतः शहराच्या परिसरातल्याच जमिनीखालून उपसते. ते नळाखाली पेला धरून थेट पिता येते, त्याला क्लोरीनचा वास नसतो, आणि पहिल्या घोटाला ते कोणालाही आवडते. पण ते दुष्फेन आहे, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असून साबणाला फेस धरत नाही. हे गुपित दोन-तीन आठवड्यांत किटलीच्या तळाशी उघड होते: आधी पांढुरके ठिपके, मग खडबडीत साय, मग बोटाने खरवडली तर पापुद्र्यासारखी निघणारी खपली. काळ्या चहावर तपकिरी तवंग येतो, आणि कप हलवला की तो पातळ बर्फासारखा तडकतो. सर्वांत मोठी फजिती डाळीची होते. चुन्यातले कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याला घट्ट बांधून ठेवते, त्यामुळे दाणा फुटून एकजीव व्हायला तयार होत नाही, आणि घरी तीन शिट्ट्यांत मेण होणारी तूरडाळ इथे पाच शिट्ट्यांनंतरही वरणात वेगवेगळी फिरताना दिसते. मग कोणी डाळ रात्रभर भिजवतो, कोणी चिमूटभर सोडा टाकतो, कोणी पाणी गाळायचे भांडे आणतो, कोणी तूर सोडून मसुरीवर येतो. मानवणे म्हणजे दुसरे काय असते? शरीर शहराशी तह करते आणि त्या तहाची कलमे शिट्ट्यांत लिहिलेली असतात. म्हणून पाहणीला गेलेल्याने हॉटेलात उतरू नये. चूल असलेली खोली घ्यावी, वाण्याकडून सामान आणावे आणि निदान एकदा साधे वरणभात करून पाहावे.

कुकरच्या शिट्टीवरून शांततेचा विषय निघतो. रात्री १० ते सकाळी ६ ही तिथे विश्रांतीची वेळ मानलेली आहे आणि रविवार तर सबंध दिवसच तसा आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवारला कामापासून सुटीचा आणि मनःशांतीचा दिवस म्हणून जे संरक्षण दिले, ते कलम १९४९ च्या राज्यघटनेत जसेच्या तसे सामावून घेतले गेले, आणि त्यामुळे वर्षातले मोजके रविवार सोडले तर रेल्वेस्थानकांतली आणि कोपऱ्यावरची थोडी दुकाने वगळता बाकी सगळी बंद असतात. भिंतीला भोक पाडणे, रात्री मिक्सर लावणे, रविवारी काचेच्या बाटल्या खणखणत पेटीत टाकणे, यांतले काहीही केले तरी शेजारी दार ठोठावून तोंडावर सांगतो, आणि बर्लिनकरांचे ते सांगणे गूळ लावून आलेले नसते. आरत्या, भोंगे, कुकर, फेरीवाले आणि वरच्या मजल्यावर चाललेली फरशीची तोडफोड यांत वाढलेल्याला पहिला रविवार स्वर्गासारखा वाटतो. दुसरा बरा जातो. तिसऱ्या रविवारी, दुपारी साडेतीनला अंधारून येत असताना, त्याच शांततेचे वजन जाणवू लागते, आणि मन आनंदी आहे की एकटे, याचा खरा कौल त्या तासाला मिळतो. पर्यटकाला हा तास कधी भेटत नाही, कारण त्या वेळी तो संग्रहालयात असतो.

कागदपत्रांचे फार बोलण्यात अर्थ नाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, जिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, करावी लागते, तिच्यासाठी वेळ मिळवणे हीच एक परीक्षा असते, आणि बर्लिनमध्ये इंग्रजीवर निभते असे सांगणारे हे सांगायला विसरतात की सरकारी पत्रे जर्मनमध्येच येतात. पाहणीपुरते जायचे तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते; नोकरी शोधत राहून पाहायचे असेल तर जून २०२४ पासून गुणांवर आधारलेला, संधिपत्र म्हणता येईल असा परवाना सुरू झाला आहे आणि तो एका वर्षापर्यंत मिळतो. या दिवसांतला एक तास ‘रिंगबान’साठी राखून ठेवण्याजोगा आहे. ही शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारी सुमारे ३७ किलोमीटर मार्गाची लोकल गाडी असून तासाभरात निघाली तिथे परत येते. कामाच्या दिवशी सकाळी सातला तिच्यात बसून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे चेहरे पाहत पूर्ण फेरी मारली, तर आपला चेहरा या चेहऱ्यांत बसेल का, याचा अंदाज येतो.

मानवणे हा निकष प्रत्येकाला लागू नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या आणि दालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या असमतोलावर त्यांनी प्रबंध लिहिला. त्या असमतोलाचा वंशाशी संबंध जोडला जावा ही त्या ठिकाणची अपेक्षा होती. त्यांच्या मोजमापांतून तसा संबंध निघाला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले, पदवी घेतली आणि त्या पुण्याला परतल्या. पुढे ज्यांनी मराठी ललित निबंधाला नवे वळण दिले, त्यांना बर्लिन मानवले होते की नाही हा प्रश्न गौण आहे, कारण ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या कामासाठी गेलेल्याला शहर मानवावे लागत नाही; सोसता आले आणि ताठ राहता आले की पुरते. मुदत नसलेल्याचे मात्र तसे नाही. ज्याची मुले तिथल्या शाळेत जातील आणि एक दिवस आईच्या मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देतील, त्याला नुसते सोसणे पुरणार नाही, आणि ते उत्तर कानाला कसे लागेल याची तालीम कोणत्याही ९० दिवसांच्या व्हिसावर करता येत नाही.

जे तपासता येते, तेवढे तरी चुकीच्या ऋतूत तपासू नये. उन्हाळ्यात बर्लिन पाहून निर्णय घेणे हे मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात खाल्लेल्या कांदेपोह्यांवरून संसाराचा अंदाज बांधण्यासारखे आहे. पोहे चांगलेच असतात. डिसेंबरही फसवा असतो, कारण नोव्हेंबरच्या अखेरीस चौकाचौकांत नाताळचे बाजार मांडले जातात आणि दिव्यांच्या माळांनी, भाजलेल्या बदामांच्या वासाने अंधाराला पुन्हा सणाचे रूप येते. ज्याला खरोखर तिथे जाऊन राहायचे आहे त्याने दिवाळी आटोपली की निघावे, ते बाजार लागण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे गाठावेत, आणि सामानात थोडी तूरडाळ न्यावी.